साहेब वरच्या मजल्यावर बसतात

एक छोटीशी टेस्ट. आत्ता, आहात तिथेच. डेस्क किंवा भिंत पटकन धरता येईल असं उभं राहा आणि एक पाय उचला. जमलं? छान. आता डोळे मिटा.

काय झालं? पहिले दोन-तीन सेकंद हीरोगिरी, मग घोट्यात भूकंप, मग हात हवेत आणि शेवटी डेस्कला घट्ट मिठी. शेजारच्या क्युबिकलला फुकटात करमणूक. पाय तोच, ताकद तीच, वजनही (दुर्दैवानं) तेच. फक्त डोळ्यांकडून मेंदूला जाणारी खबर बंद झाली आणि आख्खी इमारत डुगडुगायला लागली!

आपल्या डोक्यात फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि ‘रोज दहा-दहा वेळा करा’ असा झेरॉक्स कागद. स्नायू ढिला पडलाय, त्याला कामाला लावा, विषय संपला. पण स्नायू हा बिचारा स्टाफ हो. ऑर्डरी सोडणारे साहेब बसतात वरच्या मजल्यावर, कवटीच्या आत. आणि पुष्कळदा स्टाफ ठणठणीत असतो, साहेबांकडे रिपोर्टच चुकीचे पोचत असतात. हल्लीचे चांगले फिजिओ या साहेबांनाच ट्रेनिंग देतात. मला हे कळलं ते आमच्या ऑफिसातल्या एका टर्फवीरामुळे.

हा पठ्ठ्या दर गुरुवारी रात्री दहा ते अकरा टर्फवर फुटबॉल खेळतो. वर्षभरात त्याचा उजवा घोटा तिसऱ्यांदा मुरगळला. दरवेळी तेच. बर्फ, क्रेप बँडेज, स्प्रे, दोन आठवडे लंगडत मीटिंग, की पुन्हा टर्फवर. तिसऱ्या वेळी घरच्यांनी दम भरून फिजिओकडे पाठवला. तिथे साहेबांना ना शेक मिळाला ना करंट. घडी घातलेल्या उशीवर एका पायावर उभं केलं, समोरून बॉल फेकायला सुरुवात केली आणि वर सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... हा दुसऱ्या दिवशी पँट्रीत चिडून सांगत होता, ‘‘पाचशे रुपये दिले रे, उभं राहायचे! इंटरव्ह्यू होता की ट्रीटमेंट?’’

आता यातलं लॉजिक बघा. घोट्याचं लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. त्यात बारीक बारीक संवेदक असतात, स्नायूंत असतात, कातडीत असतात. पाय किती तिरका झाला, किती वेगानं झाला, याची बातमी ते क्षणाक्षणाला वर पाठवतात. पाय मुरगळतो तेव्हा दोरीबरोबर ही वायरिंगसुद्धा दुखावते. सूज उतरते, दुखणं थांबतं, आपल्याला वाटतं झालं बरं. पण बातमी अजून उशिरा आणि अर्धवट जात असते. पाय वाकडा पडला की पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंनी पटकन सावरायला हवं, ते एक ठोका उशिरा जागे होतात. तेवढ्यात घोट्याचं काम तमाम!

मग सात-सात वजा कशाला? कारण मॅचमध्ये कुणी घोट्याचा विचार करत नाही. डोळे बॉलवर असतात, तोंड मित्राला शिव्या देण्यात गुंतलेलं असतं. डोकं दुसरीकडे असताना पायानं स्वतःहून सावरणं, हीच तर परीक्षा. म्हणून डोकं मुद्दाम दुसरीकडे पाठवायचं.

आणि हे नुसतं ऐकीव नाही. हॉलंडमध्ये ५२२ खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळलेला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांनंतर आठ आठवडे घरच्या घरी करायचे तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, उरलेल्यांना दिले नाहीत. वर्षभरात व्यायामवाल्यांपैकी २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, बाकीच्यांपैकी ३३ टक्क्यांचा. जादूची कांडी नाही, पण कुणी उशीवर उभं राहून वर्षभराची लंगडझिम्मड वाचवत असेल तर सौदा वाईट नाही.

शरीराच्या या गुप्त बातमीदाराला इंग्रजीत प्रोप्रिओसेप्शन असा दात पाडणारा शब्द आहे. आपण त्याला अंगाचं भान म्हणू. ते असताना त्याची किंमत कळत नाही. नसलं तर काय होतं हे इंग्लंडच्या इयन वॉटरमनला विचारावं. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, साध्या तापासारख्या आजारानंतर मानेखालचं त्याचं हे भान आणि स्पर्श कायमचा गेला. लक्षात घ्या, स्नायू शाबूत होते. ताकद होती. दुखणं, गरम-थंड कळत होतं. पण हात कुठे आहे, पाय कुठे आहे, याचा पत्ता नाही. सुरुवातीला त्याला उठून बसणंही जमेना. डॉक्टरांना वाटलं, हा आता व्हीलचेअरवरच. पण गड्यानं डोळ्यांना कामाला लावलं. प्रत्येक हालचाल बघून, ठरवून, मनात आखून करायची. महिनोन्‌महिने खपून तो बसायला शिकला, मग चालायलाही. जोनाथन कोल या डॉक्टरनं त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. मात्र आजार उलटल्यावरही अनेक वर्षं खोलीतला दिवा गेला की तो कोसळायचा, कारण अंधारात त्याला स्वतःचं शरीरच दिसायचं नाही. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये त्याचं काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही.

आणखी एक मजा. आपण समजतो, नीट लक्ष दिलं की हालचाल सुधारते. हो, पण लक्ष कुठे? गाब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंनी १९९८ मध्ये स्कीईंगच्या सिम्युलेटरवर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, आपल्या पायांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या फळीच्या चाकांकडे द्या. चाकांवर मन ठेवणारे जास्त चांगलं शिकले. तेव्हापासून हा प्रयोग नाना प्रकारांनी झालाय आणि निकाल बहुतेक वेळा त्याच बाजूला झुकतो. म्हणून हल्लीचा शहाणा फिजिओ ‘गुडघा ताठ कर, मांडी आवळ’ असं ओरडण्याऐवजी ‘जमीन ढकल’ म्हणतो. ज्यांना बाबांनी स्कूटर शिकवताना ‘क्लच बघ! गिअर बघ! पाय बघ!’ असा ठणाणा केला होता, त्यांना हे लगेच पटेल.

आता आपल्या जमातीचा लाडका विषय, कंबर. ऑस्ट्रेलियाचा लोरिमर मोझली हा मूळचा फिजिओच, पुढे वेदनेचा अभ्यासक झाला. त्यानं जुनाट कंबरदुखीच्या पेशंटांना विचारलं, हात न लावता, तुम्हाला तुमची पाठ आतून जशी जाणवते तशी तिची बाह्यरेखा काढून दाखवा. दुखऱ्या भागापाशी आल्यावर पेशंट गडबडले. रेघ तुटली, सरकली, काहींना तो भाग नीट जाणवेचना. दुखणारी पाठ मेंदूच्या नकाशावर धूसर झाली होती! हा अभ्यास अगदी मोजक्या पेशंटांवर २००८ मध्ये झाला, त्यामुळे लगेच झेंडे नकोत. पण त्यातून एक उपयोगी विचार पुढे आला, की नकाशा पुन्हा कोरायचा. पाठीवर कुठे टेकवलं ते ओळखायला लावायचं, फोटोतला हात डावा की उजवा ते पटापट सांगायला लावायचं, आधी हालचाल मनात करायची, मग अंगानं. हे उपाय चालू आहेत, पुराव्याचं माप कुठे जास्त, कुठे कमी. ‘म्हणजे माझं दुखणं मनाचे खेळ का?’ असं विचारून भांडायला येऊ नका. दुखणं शंभर टक्के खरं असतं. फक्त त्याचा हिशोब मणक्यात होत नाही, वर होतो. (पाय बधिर पडत असतील, लघवीवरचा ताबा सुटत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. तिथे नकाशाबिकाशा काही नाही.)

इथे थोडी कडू गोळी. ‘न्यूरो’ हा शब्द सध्या बाजारात बासुंदीसारखा खपतो. न्यूरो योगा, न्यूरो फिटनेस, लुकलुकणारे दिवे लावलेलं मशीन, रविवारच्या वर्कशॉपमध्ये ‘मेंदूचे न वापरलेले नव्वद टक्के’ उघडून देणारे गुरुजी. मेंदूचा आपण फक्त दहा टक्के वापर करतो ही शुद्ध लोणकढी आहे. मेंदू शिकतो तो कंटाळवाण्या मार्गानं. तीच गोष्ट खूप वेळा, दरवेळी जराशी अवघड, आणि करणाऱ्याला ती मनापासून हवी असायला हवी. ज्याच्या पॅकेजमध्ये घाम नाही आणि मोजणी नाही त्याच्याकडे न्यूरो फक्त बोर्डावर आहे, असं माझं मत.

मोजणीची गंमत मला समजली ती डोंबिवलीला. मावशीकडे.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मावशीला पॅरालिसिसचा अटॅक आला. वय ६१. सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. काकांनी वेळ घालवला नाही, ही केवढी गोष्ट! रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून. मावशी वाचली, बोलणं परतलं, पाय दोन महिन्यांत बऱ्यापैकी चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर पडून. बोटं थोडी उघडायची, मनगट थोडं उचललं जायचं, बस्स.

आणि काका? ज्या माणसानं चाळीस वर्षांत पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, तो माणूस बायकोला भरवायला लागला. केस विंचरायचा, चष्मा लावायचा, रिमोट द्यायचा. मावशी नुसती उजव्या हाताकडे बघायची आणि काका उठायचे. बिल्डिंगमध्ये कौतुक. आम्हा भाचरांचे डोळे पाणावलेले.

मग घरी येणारी फिजिओ मुलगी बदलली. नवी मुलगी माझ्याच वयाची असेल. तिनं दोन दिवस नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाली, ‘‘काका, तुमचं प्रेम जरा कमी करा.’’

काका असे काही भडकले! ‘‘चाळीस वर्षं तिनं माझं केलं, आता मी करायचं नाही? तुम्ही मुली पुस्तकं वाचून येता...’’ वगैरे. चूक त्यांचीही नव्हती आणि तिचीही. तिनं सांगितलेली गोष्ट मी नंतर खोदून काढली. ती अशी.

एडवर्ड टॉब नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ माकडांवर प्रयोग करायचे. एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की माकड तो हात वापरणं सोडून देई, जरी हात हलवणाऱ्या नसा शाबूत असल्या तरी. मात्र चांगला हात बांधून ठेवला की काही दिवसांत तेच माकड ‘मेलेला’ हात पुढे करून खाणं उचलायला लागे. टॉब म्हणाले, माकड हात न वापरायला शिकलंय. पहिल्या काही दिवसांत हात वापरून बघितला, जमलं नाही, दुसऱ्या हातानं भागलं, विषय मेंदूनं क्लोज केला. पुढे हात सुधारला तरी फाईल कुणी उघडलीच नाही. आणि समजा घरातलं कुणी प्रेमानं सगळं हातात आणून देत असेल तर ती उघडायची कशाला?

या प्रयोगांचा इतिहास गोड नाही. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली, १७ माकडं हलवली गेली, क्रूरतेचा खटला चालला. शिक्षा पुढे रद्द झाली, पण त्या माकडांचे फोटो बघून आजही कसंसंच होतं. त्याच माकडांतल्या काहींचा मेंदू १९९१ मध्ये तपासला तेव्हा दिसलं, की हाताची रिकामी पडलेली जागा चेहऱ्यानं बळकावली होती. मुंबईत जागा रिकामी ठेवली की जे होतं तेच!

टॉब यांनी नंतर माणसांसाठी उपचार बांधला. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा. आणि रोज कित्येक तास लुळ्या हाताकडून छोटी-छोटी कामं. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ पेशंटांवर झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा फायदा जास्त दिसला आणि तो वर्षभर टिकला. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. पूर्ण लुळ्या हाताला हे लागू नाही. अटॅक आल्या आल्या घाईही नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच पेशंटला जास्त वेळा उठवण्या-चालवण्याचा जोर केला, तर फायद्याऐवजी निकाल थोडे वाईटच आले.

आपल्या वन बीएचकेत रोज सहा तास कोण फिजिओ देणार? म्हणून तिनं घरगुती आवृत्ती काढली. मावशीच्या डाव्या हातात ओव्हनचा ग्लोव्ह, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. गॅसजवळ आणि बाथरूममध्ये ग्लोव्ह बंद, ही कडक सूचना. उजव्या हातानं राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. जमलं की राजम्याऐवजी मूग. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. कधी टेबलावर आरसा उभा करून उजवा हात त्यामागे लपवायचा आणि आरशात डाव्याची हालचाल बघत दोन्ही हात हलवायचे, म्हणजे मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. ही आयडिया आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या, चेन्नईत डॉक्टर झालेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांची. १९९० च्या दशकात त्यांनी हात कापलेल्या माणसांच्या ‘नसलेल्या’ हाताच्या दुखण्यासाठी ती वापरली, पुढे ती पॅरालिसिसमध्ये आली. खर्च, एक आरसा.

आणि मोजणी. अमेरिकेत २००९ मध्ये काही संशोधकांनी फिजिओच्या सेशनमध्ये बसून चक्क मोजलं. पॅरालिसिसच्या पेशंटकडून एका सेशनमध्ये हातानं उपयोगी काम सरासरी किती वेळा करून घेतलं जातं? ३२ वेळा. आणि प्राण्यांच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले तिथे किती वेळा? दिवसाला ४०० ते ६००! आता सांगा, पाऊण तास येऊन ‘दहा-दहा वेळा करा’ म्हणून जाण्यानं काय होणार?

इथेच त्या मुलीनं काकांना जिंकलं. म्हणाली, ‘‘काका, मला चारशेच्या वर हवेत आणि मोजायला माणूस नाही.’’ काका देवघरातून जपमाळ घेऊन आले. एकशे आठचा एक फेरा. चार माळा म्हणजे ४३२. तेव्हापासून घरात हे दृश्य. मावशी राजमा उचलतेय, काका मणी ओढतायत, मध्येच ‘‘अहो, तो धरू नका, नीट पडला नव्हता’’ आणि ‘‘अगं पडला, मी पाहिला’’ अशी अंपायरगिरी. भरवणं बंद झालं, पण काकांचा जॉब गेला नाही, प्रोफाईल बदललं.

फार गुलाबी चित्र नको म्हणून सांगतो. जर्मनीत १५६ पेशंटांवर घरच्या माणसाच्या मदतीनं हा उपचार करून बघितला, निकाल २०१५ मध्ये आले. पेशंटांनी सांगितलं की रोजच्या कामांत हात जास्त आणि बरा वापरला जातो. पण घड्याळ लावून घेतलेल्या हाताच्या परीक्षेत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नव्हता. मावशीचंही तसंच. ब्लाऊजचं हुक अजून जमत नाही. पोळी लाटते, पण गोल म्हणायला धाडस लागतं. दमलेल्या दिवशी हात पुन्हा मांडीवर जाऊन बसतो आणि ती दोन माळांवर आटपतं घेते. मात्र फोन वाजला की हल्ली आधी उजवा हात पुढे जातो.

मागच्या महिन्यात फिजिओनं विचारलं, काकू, आता पुढचं काय हवंय? आम्हाला वाटलं, सही म्हणेल, बँकेची कामं अडलीत. मावशी म्हणाली, साडीच्या निऱ्या. गाऊनवर राहून कंटाळा आलाय. निऱ्यांना बोटं सुटी-सुटी हलावी लागतात, अंगठ्यानं एकेक घडी दाबून धरावी लागते, म्हणजे सिलॅबस एकदम वरचा. साडी सहावार, जड. म्हणून सध्या माझ्या बहिणीच्या जुन्या ओढणीवर प्रॅक्टिस चालू आहे. तीन निऱ्या होतात, चौथीला पहिली सुटते. काका मोजतायत.